डाव्या बाजूचं मधलं झाकण

१

माझ्या ताईने पासष्टाव्या वर्षी शिडाची होडी विकत घेतली, तेव्हा घरात सगळ्यांत आधी हसलो तो मी. आणि हत्यारांची पेटी उचलून सगळ्यांत आधी धक्क्यावर पोचलो, तोही मीच.

ताईबद्दल थोडं आधी सांगायला हवं. आमची आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि ताई अठराची. तिने नर्सिंगला प्रवेश घेतला, पाळ्या केल्या, माझे डबे भरले, माझ्या शाळेत जाऊन माझ्या वाटची बोलणी खाल्ली. मी अभ्यासात ढ. दिसेल त्या फळीवर हातोडी मारत सुटायचो म्हणून ती मला ‘ठोक्या’ म्हणायला लागली, आणि शेवटी मामाला ठणकावून सांगून तिनेच मला सुतारकामाला लावलं. चाळीस वर्षं तिने इस्पितळात काढली. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, “एक मूल आयतं मिळालं होतं, तेवढं पुरलं.”

निवृत्त झाल्यावर दोन वर्षं ती घरातली कपाटं आवरत होती. तीच तीच कपाटं. मग कुणा मैत्रिणीच्या नादाने होडी चालवायला शिकायला गेली, आणि एक दिवस सकाळी मला फोन करून म्हणाली, “ठोक्या, मी काहीतरी करून बसलेय. टेप घेऊन ये.”

होडी म्हातारी होती, पण अंगाने धडधाकट. आत तीन पायऱ्या उतरून गेलं की केबिन. केबिन कसली, खोकाच तो. मला त्यात ताठ उभं राहता येईना. ताईला येत होतं, आणि त्याचा तिला कोण आनंद झाला होता. दोन्ही बाजूंना एकेक बाक, माणूस आडवा होईल एवढा लांब. बाकाच्या वर, भिंतीत, दोन्हीकडे तीन तीन कप्पे. सामान ठेवायला तेवढीच जागा. सहा कप्पे आणि सहा लाकडी झाकणं. त्यांना बिजागरी नाही, मूठ नाही. प्रत्येकाच्या मधोमध एक गोल भोक. त्यात बोट घालायचं, झाकण वर उचलायचं, खालची कड खाचेतून सुटली की ओढून बाहेर काढायचं. होडी कितीही हेलकावली तरी झाकण पडत नाही. ज्याने कुणी हे केलं होतं त्याला डोकं होतं.

पण प्लायवूड पाणी पिऊन फुगलं होतं. पापुद्रे सुटले होते, आणि एका झाकणाचा कोपरा मी हात लावताच हातात आला.

“सहाही नवी करून दे,” ताई म्हणाली. “आणि भोकं अशीच ठेव हां. मला आवडली ती.”

२

जुनी झाकणं मापाला म्हणून मी दुकानात आणली आणि टेबलावर ओळीने मांडली. मागे खडूने लिहिलं: उजवी पुढची, उजवी मधली, असं. मग चष्मा लावून एकेक बघायला बसलो.

पाच झाकणांच्या भोकाची आतली कड झिजली होती. ते बरोबरच होतं. बाहेरून बोट घालून, वाकवून, वर्षानुवर्षं कोणी झाकण ओढत राहिलं की आतली कड गुळगुळीत होणारच.

डाव्या बाजूचं मधलं झाकण उलटं होतं. त्याची आतली कड कोरी करकरीत, करवतीच्या दातांचे ओरखडे मोजता येतील अशी. आणि बाहेरची, म्हणजे केबिनच्या बाजूची कड, चमच्याच्या कडेसारखी गोल झालेली. बोट फिरवलं तर रेशीम.

मनात पहिलं हेच आलं की कुणीतरी झाकण उलटं बसवलं असणार. लोक काय वाटेल ते करतात. मी दार उलटं बसवून वर्षभर मागून कडी लावणारी माणसं पाहिली आहेत. पण होडीची भिंत खाली निमुळती होत जाते, म्हणून या झाकणांची खालची कड तिरकी तासलेली असते. उलटं केलं तर ते खाचेत बसणारच नाही. मी दोन फळ्यांची तशी खाच करून पाहिलं. नाही बसलं.

मग हिला बोलावलं. ही म्हणजे माझी बायको. दुकानातलं व्हर्निशचं काम तिचं, आणि तिच्याइतका हलका हात मी दुसरा पाहिलेला नाही. तिने झाकण उभं धरलं, समोरून भोकात बोट घालून काढलं. मग झाकण स्वतःकडे वळवून मागून बोट घातलं, आणि पुढे काढून वाकवलं. बोटाचं पेर त्या गुळगुळीत जागेवर नेमकं बसलं.

“अहो, हे आतून ओढून धरलंय कुणीतरी,” ती म्हणाली.

“आतून कोण धरणार? आत जेमतेम वीतभर जागा आहे.”

“मग मला कशाला विचारता? मी व्हर्निशवाली.”

३

झाकणं मी मन लावून केली. पाण्यात टिकणारं प्लायवूड आणलं, त्यावर सागाची पातळ पट्टी चढवली, रेषा एका झाकणातून दुसऱ्यात सलग जातील अशा जुळवल्या. हिने व्हर्निशचे चार हात दिले. भोकाच्या दोन्ही कडा सारख्याच धारदार ठेवल्या. त्या वापराने आपोआप मरतात.

बसवायला गेलो त्या दिवशी ताईने थर्मासमधून चहा आणला होता. एकेक झाकण खाचेत टक् करून बसलं की ती टाळी वाजवायची. सहाव्याला म्हणाली, “तुला सातवीत हस्तकलेत बक्षीस मिळालं होतं, तेव्हासुद्धा मी एवढ्या टाळ्या वाजवल्या नव्हत्या.”

“तेव्हा बक्षीस मला नव्हतं मिळालं. शेजारच्या मुलाला मिळालं होतं.”

“म्हणूनच.”

मग ती डाव्या बाकावर भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. म्हणाली, सकाळी बंदराबाहेर एक चक्कर मारायची, डबा खायचा आणि दुपारी इथे दोन तास ताणून द्यायची, असा माझा दिनक्रम ठरलाय. बोलता बोलता तिने हात वर केला आणि अगदी सहज, खिशात हात घालावा तसं, मधल्या झाकणाच्या भोकात बोट घातलं. झाकण उघडायला नव्हे. नुसतं ठेवलं.

मला ते आवडलं नाही. का, ते सांगता आलं नसतं.

चार आठवड्यांनी ती जेवायला घरी आली. रंग उन्हाने रापला होता, आवाज मोठा झाला होता, दहा वर्षांनी लहान दिसत होती. ताट वाढताना हिने तिचा हात धरून थांबवला. “ताई, हे काय हो झालंय बोटाला?”

उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट. शेंड्यापासून दोन पेरांपर्यंत पांढरं फटक आणि सुरकुतलेलं, तासभर कपडे धुतल्यावर होतं तसं. बाकीची नऊ बोटं धड.

“पाण्यातलं काम,” ताई म्हणाली आणि बोट मुठीत मिटून घेतलं.

मी तिच्याकडे पाहिलं. ताई माझ्याशी आयुष्यात क्वचितच खोटं बोलली आहे, आणि तिला ते कधीही जमलेलं नाही.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाजारात गेली असेल अशा वेळी मी धक्क्यावर गेलो. चावी कुठे असते ते मला ठाऊक होतं.

डाव्या बाजूचं मधलं झाकण. भोकाच्या बाहेरच्या कडेवरचं व्हर्निश गेलं होतं. चार हात दिलेले, दगडासारखं वाळलेलं व्हर्निश चार आठवड्यांत उडून खाली लाकूड उघडं पडलं होतं, आणि ते लाकूड गुळगुळीत व्हायला लागलं होतं. बाकीच्या पाच झाकणांना ओरखडाही नव्हता.

झाकण काढलं. कप्पा रिकामा होता. उरलेल्या पाचांत ताईचं सामान ठासून भरलेलं: नकाशे, टॉर्च, औषधांची पेटी, विणकाम, बिस्किटांचे डबे. या एकातच काही नव्हतं. मी आत हात घालून चाचपलं. खाली कोरडी फळी. दोन्ही बाजूंना आडवे तक्ते, घट्ट. मागे होडीची भिंत. टेप लावला: बारा इंच. भिंतीवर टिचकी मारली. पलीकडून पाण्याचा भरीव, मंद आवाज आला. भिंतीपलीकडे समुद्रच होता.

एखादं मांजर अंग चोरून कसंबसं बसलं असतं एवढीच ती जागा.

मी स्वतःला समजावलं. ताई झोपेत बोट फिरवत असेल. म्हातारपणी माणसाला काहीतरी चाळा लागतो. तिच्या बोटाच्या घामाने व्हर्निश गेलं असेल. पण तिचं बोट आत जातं, म्हणजे झिजली तर आतली कड झिजेल, हे माझ्यातल्या सुताराला कळत होतं आणि तो गप्प बसायला तयार नव्हता.

पायऱ्यांवर सावली पडली. ताई पिशवी घेऊन उभी होती.

“काय शोधतोयस?”

“हा कप्पा रिकामा का ठेवलास?”

“असू दे,” ती म्हणाली. “सगळंच काय भरायचं असतं?” आणि माझ्या हातातून झाकण घेऊन, खालची कड खाचेत अलगद टेकवून, तिने ते बसवलं. टक् झालं नाही. मी इतक्या वेळा बसवलं होतं आणि दर वेळी झालं होतं.

५

ती वर शिडाच्या दोऱ्या नीट करायला गेली. मी बाकावर बसून राहिलो. मग चप्पल काढली आणि ताई झोपते तसा आडवा झालो. गादीला तिच्या डोक्याच्या तेलाचा वास होता. लहानपणी ताप आला की याच वासात मी झोपायचो.

वर ताईची पावलं इकडून तिकडे जात होती. भोक माझ्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर होतं. त्यात काळोख होता, पण कप्प्यात काळोख असणारच.

मी बोट घातलं.

काही झालं नाही. लाकडाची धार, मग मोकळी हवा, जरा थंड. मी मनात हसलो. चोपन्न वर्षांचा घोडा. मी बोट काढणार, तेवढ्यात ते धरलं गेलं.

घट्ट नाही. ओढलंही नाही. एखादी वस्तू बाजारात उचलून बघावी तसं. ओलसर, गार काहीतरी माझ्या बोटाभोवती आलं आणि थांबलं. मग त्याने बोट थोडं फिरवलं. नखावरून गेलं. माझ्या त्या बोटाच्या टोकाला करवतीने कापल्याचा जुना वण आहे; तिथे ते थबकलं, पुन्हा एकदा त्यावरून फिरलं, जणू खात्री करून घेत होतं. मला ओरडता येत नव्हतं. मानेतून एक थंड तार खाली जात होती, आणि तरी डोक्याच्या एका कोपऱ्यात मी विचार करत होतो की तो वण सुताराचा आहे हे त्याला कळेल का.

मग माझ्या बोटाच्या टोकावर एकदा हलकंच थोपटलं गेलं, आणि ते सोडून देण्यात आलं.

चुकून भलत्याच घराची बेल वाजवली की दार उघडणारा माणूस जसा सौजन्याने सांगतो, तसं. तुम्ही नव्हे.

मी चप्पल हातात घेऊन वर आलो. ताईने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या बोटाकडे.

६

त्या आठवड्यात ताईची दातांच्या डॉक्टरकडे वेळ होती. मी तेवढ्यात एक नवं झाकण केलं. बिनभोकाचं. भरीव फळी, तीच सागाची पट्टी, चार कोपऱ्यांना चार स्क्रू. शेवटचा स्क्रू आवळताना मला वाटत होतं की आतून धडका बसतील, आवाज येईल. काहीही झालं नाही. कप्प्यातून इतकी शांतता येत होती की मीच घाईघाईने हत्यारं गोळा केली.

ताईने ते पाहिलं तेव्हा मी तिथे होतो. मुद्दाम थांबलो होतो. पळून जाणं बरं दिसलं नसतं. तिने भरीव फळीवर तळहात ठेवला आणि जरा वेळ ठेवून दिला.

“छान बसलंय,” ती म्हणाली.

त्यानंतर दहा दिवस तिचा फोन आला नाही. मी केला तर “बरी आहे रे” म्हणून ठेवायची. धक्क्यावरचा पहारेकरी म्हणाला की तुमच्या ताई हल्ली होडी बाहेर काढतच नाहीत, नुसत्या आत बसून असतात. अकराव्या दिवशी मी गेलो.

ती पायरीवर बसली होती, केबिनच्या बरोबर मधे, दोन्ही बाकांपासून सारख्या अंतरावर. विणकाम मांडीवर होतं, पण सुया चालत नव्हत्या.

मी आधी झाकणं पाहिली. डावं पुढचं. डावं मागचं. मग उजवीकडची तिन्ही. पाचांच्याही भोकांची बाहेरची कड उघडी पडली होती. सगळीकडून. व्हर्निश फक्त झिजलं नव्हतं. काही ठिकाणी त्याचे बारीक तुकडे निघाले होते, जसं कुणी घाईत, अंधारात, दाराची कडी शोधत असावं.

मी तिच्या शेजारी बसलो.

“मी रागावले नाहीये,” ताई म्हणाली. “लहानपणीही तू घाबरलास की आधी काहीतरी ठोकायचास.”

“ताई, आत काय आहे?”

“मला नाही माहीत. मी विचारलं नाही.”

“भीती नाही वाटत तुला?”

“वाटली ना! पहिल्या दिवशी तर काळजाचं पाणी झालं. तेव्हा जुनीच झाकणं होती. बोट घातलं आणि आतून कुणीतरी धरलं. ओरडणारच होते मी.” तिने विणकाम बाजूला ठेवलं. “पण ठोक्या, चाळीस वर्षांत किती जणांनी माझा हात धरला असेल, सांग बरं. ऑपरेशनला नेताना, सुई टोचताना, अगदी शेवटीसुद्धा. कोण घाबरून धरतंय, कोण सवयीने धरतंय, कोणाला आपल्याला ओढून न्यायचंय, हे मला हातावरूनच कळतं. हे ओढत नव्हतं. नुसतं धरलं होतं. मी झटकून काढलं असतं, तर त्याला काय वाटलं असतं?”

“त्याला?”

“त्याला, तिला. जे काय असेल त्याला.”

“तुझं बोट बघ कसं झालंय.”

“वय झालं की बोटं अशीच होतात.”

“एकच होतं का?”

ती हसली. अकरा दिवसांत पहिल्यांदा हसली असावी, कारण तो आवाज तिचा तिलाच नवीन वाटला. मग ती समोरच्या भरीव फळीकडे बघत म्हणाली, “मी सगळ्यांचे हात धरले. माझा कोणी धरला, सांग.”

तिने ते तक्रार म्हणून म्हटलं नव्हतं. तापमान सांगावं तसं म्हटलं. मी तिच्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल असा बसलो होतो. आमच्या घरात अशा गोष्टी करायची पद्धत नव्हती. ती डबा भरायची, मी तिचं कपाट दुरुस्त करायचो. आमचं प्रेम असं होतं.

“मी होडी विकायला लावीन,” मी म्हणालो. “तुझ्या भल्यासाठी.”

“लाव की. मी कुठे जाऊन झोपू दुपारी?” तिने माझ्या गुडघ्यावर चापट मारली. “त्यापेक्षा नवीन झाकण करून दे. आणि भोक जरा मोठं कर.”

“किती मोठं?”

तिने पाचही बोटं एकत्र जुळवली, बांगडी भरताना जुळवतात तशी, आणि मला दाखवली.

“हात जाईल एवढं.”

७

आठ दिवस मी ते काम हातात घेतलं नाही. हिला सगळं सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, वेड लागलंय तुम्हां दोघा भावंडांना.

“तुम्ही बंद केलंत तेव्हा ताई जेवत होत्या का नीट?” तिने विचारलं.

“नसाव्यात. गळ्याची हाडं दिसत होती.”

“आणि त्याआधी?”

त्याआधी ती आमच्याकडे जेवायला आली होती, तेव्हा दोनदा भात मागून घेतला होता. मी ते हिला सांगितलं नाही. तिनेच वाढला होता.

नवव्या दिवशी मी फळी कापली. ताईच्या मनगटाचं माप मला नव्हतं. ते मी कधी घेतलंच नव्हतं. हिच्या बांगडीवरून अंदाज केला. भोक पाडलं, कानस मारली, मग काचकागद. आतली कड गोल केली. झाकण उलटवलं आणि बाहेरची कडही गोल केली, तितक्याच काळजीने, बोट फिरवून फिरवून. काम करताना हात कुणासाठी काम करतोय हे मी हाताला विचारलं नाही. ही व्हर्निश मारायला बसली तेव्हा त्या कडेला तिने जास्तीचे दोन हात दिले.

“तिथे ओल जास्त लागत असणार,” ती म्हणाली, माझ्याकडे न बघता.

झाकण मी बसवलं. टक् झालं. ताईने या वेळी टाळी वाजवली नाही. “जा आता तू,” ती हळूच म्हणाली, घरी पाहुणे यायची वेळ झाल्यावर म्हणतात तसं.

८

त्यानंतर आठवडाभराने, दुपारी तीनच्या सुमारास, मी धक्क्यावर गेलो. काही निमित्त नव्हतं. दुकानात करवत सुरू केली आणि बंद केली, एवढंच.

होडी धक्क्याला पाठ करून बांधलेली असते, त्यामुळे दार उघडं असलं की वरूनच आतलं दिसतं. दार उघडं होतं. पाणी अगदी संथ होतं. मी होडीत पाय ठेवला नाही. माझ्या वजनाने ती हलली असती.

ताई डाव्या बाकावर भिंतीकडे तोंड करून झोपली होती. एक हात गालाखाली. दुसरा, उजवा, वर उचललेला, आणि मधल्या झाकणाच्या भोकात मनगटापर्यंत गेलेला. उन्हाचा एक चौकोन बरोबर तिथेच पडला होता, त्यामुळे मला चष्म्याशिवायही दिसलं.

तिच्या मनगटावर बोटं होती.

आतून, तिच्या हाताच्या कडेकडेने, ती बाहेर आली होती आणि मनगटाच्या आतल्या बाजूला विसावली होती. तीन. शेजारी शेजारी. त्यांचा रंग मला सांगता येणार नाही. पाण्याच्या तळाशी पडलेल्या वस्तूला जसा रंग उरत नाही, तशी होती ती. पहिल्या क्षणी वाटलं की तिला धरलंय. पण धरायला अंगठा लागतो, आणि पकड कुठे नव्हतीच. ती नुसती टेकली होती, एका जागी, अजिबात न हलता. मग मला कळलं मी काय बघतोय. लहानपणापासून मी ताईला हजार वेळा हे करताना पाहिलंय, माझ्यावर, शेजाऱ्यांवर, रस्त्यात चक्कर येऊन पडलेल्या माणसावर.

नाडी बघत होती ती बोटं.

मी श्वास रोखला, आणि माझ्याही नकळत ताईच्या पाठीचं वरखाली होणं मोजायला लागलो. चौदापर्यंत गेलो आणि चुकलो. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा चुकलो. आत मात्र कोणी चुकत नव्हतं. तिकडे घाई नव्हती, कंटाळा नव्हता. भीती वाटायची ती मला बोटांची वाटली नाही. इतक्या शांतपणे मोजणारं जे काही आहे, ते कुठल्या आकड्यापर्यंत मोजणार आहे, याची वाटली.

मग एकेक करून ती उचलली गेली, आणि भोकाच्या काळोखात परत गेली. ताईने झोपेत एक लांब सुस्कारा सोडला, आणि पाय जवळ ओढून घेतले.

मी हाक मारली नाही. धक्क्यावर दोरखंडाचं वेटोळं होतं, त्यावर बसून राहिलो. उन्हाने डोकं तापलं तरी हललो नाही. साडेचारला ती बाहेर आली. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली, डोळ्यांत झोप.

“अरे! कधी आलास? हाक मारायचीस ना.”

“झोपली होतीस.”

“मग? कधी नव्हे ते कळायला लागलं की तुला.” ती दाराशी उभी राहिली, एका हाताने कठडा धरला आणि दुसरा माझ्याकडे पुढे केला. “ये, चहा टाकते. पायाखाली बघ, ओलं आहे.”

मी तिचा हात धरून होडीत उतरलो. बर्फासारखा गार होता, मनगटापर्यंत पांढरा आणि सुरकुतलेला. मनगटाच्या आतल्या बाजूला तीन फिकट ठसे होते. मी बघत असतानाच ते मिटत गेले. उतरून झालं होतं, आता सोडायला हरकत नव्हती. मी दुसरा हातही त्यावर ठेवला.

“काय रे?”

“काही नाही. गार पडलाय.”

“होतो हल्ली,” ताई म्हणाली, आणि हात काढून घेतला नाही.